जुन्या शर्यतींच्या गाड्यांकडून काय घ्यावे: रूप की रीत?

चर्चाप्रस्ताव (धागालेखक)

गेल्या पंचवीस-तीस वर्षांत युरोपातल्या बहुतेक मोठ्या मोटार कंपन्यांनी आपापली एखादी गाजलेली जुनी गाडी नव्या अवतारात बाजारात आणली आहे. मिनी आणि फियाट ५०० ही त्यातली सर्वांना ठाऊक असलेली नावे. माझा आक्षेप मात्र शर्यतीच्या गाड्यांच्या नव्या अवतारांपुरता आहे, कारण शर्यतीच्या गाडीचे रूप गरजेतून घडलेले असते आणि ती गरज सरल्यावर नुसते रूप तेवढे मागे ठेवणे म्हणजे त्या गाडीचा मानही नव्हे आणि अभ्यासही नव्हे, असे माझे ठाम मत आहे.

मर्सिडीजच्या ३०० एसएलचे उदाहरण घेतो. १९५२ साली या कंपनीकडे शर्यतीसाठी खास असे इंजिन नव्हते. तिच्या ३०० या मोठ्या, चार दरवाजांच्या बंद गाडीतले जड, सहा सिलिंडरांचे इंजिनच वापरावे लागणार होते. त्यामुळे बाकी गाडी जितकी हलकी करता येईल तितकी करणे भाग होते. कंपनीचे अभियंते रुडॉल्फ उलेनहाउट यांनी बारीक नळ्या त्रिकोणांत जोडून सांगाडा उभा केला. तो विलक्षण हलका होता, पण पुरेसा ताठ राहण्यासाठी त्याच्या नळ्या दोन्ही बाजूंना इतक्या उंच न्याव्या लागल्या की नेहमीचा दरवाजा बसवायला जागाच उरली नाही. म्हणून बिजागऱ्या छताला लावल्या गेल्या आणि दरवाजे पक्ष्याच्या पंखांसारखे वर उघडू लागले. त्याच वर्षी या गाडीने फ्रान्समधली चोवीस तासांची ल मांसची शर्यत जिंकली आणि मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकानाही जिंकली. न्यूयॉर्कमधील आयातदार मॅक्स हॉफमन यांच्या आग्रहावरून १९५४ साली हीच कल्पना रस्त्यावरच्या गाडीत उतरली. सांगाडा त्याच धाटणीचा असल्यामुळे दरवाजेही तेच राहिले, आणि तो उंच उंबरठा ओलांडून आत बसता यावे म्हणून स्टीअरिंगचे चाक खाली कलते करावे लागले. १९५७ साली उघड्या छताची आवृत्ती काढताना सांगाड्याच्या बाजू खाली आणल्या गेल्या, तेव्हा कंपनीने कोणतीही हळहळ न करता साधे दरवाजे बसवले.

आता २००९ साली सादर झालेली मर्सिडीजचीच एसएलएस एएमजी पाहा. सांगाडा ॲल्युमिनियमचा आणि साध्या दरवाजांना त्याची कोणतीही आडकाठी नाही. या गाडीच्या उघड्या आवृत्तीला पुढे तसेच दरवाजे बसवलेही गेले. तरी बंद गाडीचे दरवाजे वर उघडतात, ते केवळ १९५४ ची आठवण म्हणून. गाडी उलटली तर असे दरवाजे उघडणार नाहीत, म्हणून ते सुटे होण्यासाठी बिजागऱ्यांमध्ये स्फोटक बोल्ट घालावे लागले. मूळ गाडीत अडचण आधी होती आणि दरवाजा हे तिचे उत्तर होते. नव्या गाडीत दरवाजा आधी ठरला आणि त्याने आणलेल्या अडचणीवर उपाय शोधत बसावे लागले.

प्रतिसाद १

आपण मांडलेली माहिती बरोबर आहे. निष्कर्ष मात्र मला पटत नाही, आणि त्यासाठी आपल्याच उदाहरणातल्या गाडीच्या बॉनेटकडे बोट दाखवतो. बॉनेट ठेंगणे राहावे म्हणून ३०० एसएलचे इंजिन एका कुशीवर तिरपे बसवले होते. तरीही एका बाजूला ते पत्र्याला लागत होते, म्हणून तेथे लांबट फुगवटा द्यावा लागला. पण बॉनेटवर फुगवटे दोन आहेत! दुसऱ्याखाली सामावून घेण्यासारखे काही नव्हते. तो केवळ डोळ्याला समतोल वाटावा म्हणून काढला गेला. म्हणजे ज्या गाडीची प्रत्येक रेषा गरजेची असे आपण मानता, तिच्यातही सौंदर्यासाठी पत्रा वाकवला गेलेलाच होता.

शर्यतीच्या गाडीचे रूप उसने घेण्याची प्रथाही आजची नाही. जॅग्वारच्या डी-टाइपने १९५५, १९५६ आणि १९५७ अशी सलग तीन वर्षे ल मांस जिंकली. तिचा आकार माल्कम सेयर यांनी काढला होता आणि ते विमानांच्या उद्योगातून आले होते. १९६१ ची ई-टाइप तिच्याच आकारावरून घडली. ई-टाइप ही नक्कल आहे असे कोणीही म्हणत नाही, मग एसएलएसवरच हा ठपका का?

आणखी एक गोष्ट. पादचाऱ्याला धडक बसलीच तर इजा कमी व्हावी, यासाठी आज युरोपात नियम आहेत. बॉनेट आणि त्याखालचे इंजिन यांत मोकळी जागा सोडावी लागते, त्यामुळे पुढचा भाग आपोआप उंच होतो. जुने प्रमाण जसेच्या तसे आणणे आता शक्यच नाही. उंची वाढूनही जुन्या गाडीची ओळख टिकवणे हे अवघड आणि सन्मानाचे काम आहे.

प्रतिसाद २

मी पिंपरी-चिंचवडमध्ये डाय (पत्र्याला आकार देणारे साचे) बनवण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून पत्र्याच्या बाजूने थोडे लिहितो. पत्र्यावरची घडी जितकी धारदार, तितका तो प्रेसखाली त्या जागी ताणला जातो आणि फाटण्याची भीती वाढते. त्यामुळे नुसत्या शोभेच्या रेषेसाठीही डायवर खरी मेहनत पडते आणि खरा पैसा खर्च होतो. ती रेषा कशासाठी आहे, हे विचारण्याचा हक्क धागालेखकांना आहेच.

विषय शर्यतीचा असला तरी आपल्या पुण्याच्या टाटा सिएराचा उल्लेख येथे अस्थानी ठरू नये. १९९१ च्या तीन दरवाजांच्या सिएराला मागच्या बाजूची काच थेट छताकडे वळलेली होती आणि तिच्यातून मागे बसलेल्यांना खरोखर आकाश दिसत असे. नव्या पाच दरवाजांच्या सिएरात त्या काचेचा भास काळ्या रंगाच्या भागांनी साधला आहे. मागे बसणाऱ्याला त्यातून काहीच मिळत नाही. माझे मत धागालेखकांच्या बाजूने.

धागालेखक

दुसऱ्या फुगवट्याचा मुद्दा मान्य. शोभेला माझा विरोध नाही, पण तो फुगवटा गाडीत कोणाच्या आड येत नव्हता.

ई-टाइपची तुलना मात्र मला उलट माझ्याच बाजूची वाटते. तिने डी-टाइपकडून केवळ गोलाई घेतली नाही. मधला भाग पत्र्याच्या एकसंध पेटीसारखा आणि इंजिनासाठी पुढे जोडलेला नळ्यांचा सांगाडा ही बांधणीची रीतही घेतली.

आजच्या काळात असे उदाहरण हवे असेल तर अल्पिन ए११० पाहावी. जुनी ए११० ही अल्पिनचे संस्थापक ज्याँ रेदेले यांच्या, फ्रान्समधल्या दिएप गावच्या छोट्या कारखान्यातली गाडी. फायबरग्लासची काया, मागे रेनॉचे इंजिन आणि अत्यंत कमी वजन, एवढ्या भांडवलावर तिने १९७१ आणि १९७३ ची माँटे कार्लो रॅली जिंकली आणि १९७३ साली कंपन्यांसाठी सुरू झालेले पहिले जागतिक रॅली अजिंक्यपदही मिळवले. २०१७ साली आलेल्या नव्या ए११० ची रचना वेगळी आहे: इंजिन मागच्या टोकाऐवजी मध्यभागी आणि काया ॲल्युमिनियमची. पण वजन ११०० किलोच्या आसपास रोखून धरले आहे, आणि आजच्या सुरक्षा-नियमांच्या काळात ही सामान्य गोष्ट नाही. तिची एकेक बैठक सुमारे १३ किलोची आहे. हँडब्रेकची यंत्रणा मागच्या चाकांच्या मुख्य ब्रेकमध्येच सामावून आणखी अडीच किलो वाचवले आहेत. तळ सपाट ठेवल्यामुळे मागे मोठा पंख लावावा लागला नाही. इंजिनाची जागा बदलूनही गाडीचा स्वभाव राखला गेला, याला मी जुन्या गाडीकडून शिकणे म्हणतो.

प्रतिसाद १ चे लेखक

अल्पिनबद्दल आपण लिहिलेले प्रत्येक वाक्य मला मान्य आहे, आणि म्हणूनच तिच्या पुढच्या दिव्यांचा विषय काढतो. जुन्या ए११० ला पुढे चार दिवे दिसतात, कारण माँटे कार्लोच्या रॅलीत रात्री डोंगरातल्या वळणांवर जादा प्रकाश लागत असे. नव्या गाडीतही चार दिवे आहेत, मागची काच तशीच गोलाईने वळलेली आहे आणि बॉनेटच्या मधोमध तीच उभी रेघ आहे. आपल्या कसोटीवर यांतले किती टिकेल?

अल्पिन नावाच्या गाड्यांचे उत्पादन १९९५ साली थांबले होते. मध्ये वीसहून अधिक वर्षे गेली. अशा नावाची, दोनच आसनांची, अश्वशक्तीत स्पर्धकांच्या मागे असलेली गाडी केवळ वजनाच्या आकड्यावर विकत घ्या, असे सांगून कंपनीला गिऱ्हाईक मिळाले असते का? ते चार दिवे पाहून लोक थांबले, आणि थांबले म्हणून त्यांना हलकेपणा कळला. रूप टिकले म्हणून रीत टिकली, असे माझे म्हणणे आहे.

प्रतिसाद ३

रेनॉ ५ चाही विचार व्हावा. १९७२ च्या मूळ गाडीच्या बॉनेटवर एका बाजूला हवेची जाळी होती. २०२४ च्या विजेवरच्या गाडीला त्या जाळीची गरज नाही, पण त्याच जागी बॅटरी किती भरली आहे हे दाखवणारा दिवा आहे. जुन्या खुणेला नवे काम दिले गेले आहे, आणि दोन्ही बाजूंना हे मान्य होण्यास हरकत नसावी.

धागालेखक

रेनॉची युक्ती मला आवडली. अल्पिनच्या दिव्यांबाबत आपला युक्तिवाद मी मान्य करतो, कारण त्यांच्यासाठी गाडीला वजनात, उंचीत किंवा सुरक्षिततेत काही गमवावे लागलेले नाही. एसएलएसच्या दरवाजांना हे लागू होत नाही. ज्या रूपासाठी बिजागरीत स्फोटक भरावे लागते, त्या रूपाची किंमत केवळ डिझायनर नव्हे, तर आत बसलेला माणूसही मोजत असतो, आणि त्याबाबतचा माझा आक्षेप कायम आहे.