ऑक्सिजन सेन्सर 0.45 व्होल्टवरच अडकलाय, मदत हवी आहे

2011 ची पेट्रोल गाडी, चेक इंजिन लाईट, कोड पी0135 म्हणजे ऑक्सिजन सेन्सरच्या आतल्या हीटरचं सर्किट. बेळगावात गॅरेजवाला म्हणतोय सेन्सरच बदला, पण तपासल्याशिवाय पैसे कशाला घालायचे. पुढचा सेन्सर, चार वायरी. खानापूरपर्यंत पळवून आणून इंजिन चालू ठेवून, कनेक्टर न काढता मागून पिन घालून डीसी व्होल्टवर काळी-करडी (सिग्नलच्या वायरी) बघितली, तर 0.45 च दाखवालंय, 0.1 ते 0.9 मध्ये नाचायला पाहिजे ना? थ्रॉटल दिला तरी हलेना. दोन पांढऱ्या (हीटरच्या) वायरींत, कनेक्टर काढून, थंड असताना 6 ओहम. फ्यूज बरा, चावी ऑनवर गाडीकडच्या वायरीत 12 व्होल्ट येतंय. मीटर साधा डिजिटल, ऑसिलोस्कोप (सिग्नलचा आलेख दाखवणारं यंत्र) नाही. मग हीटरची ईसीयूकडची (इंजिनच्या कॉम्प्युटरकडची) अर्थिंग साध्या मीटरवर कशी तपासायची, आणि ती तुटली असेल तर सिग्नल असा 0.45 वर अडकतो का सेन्सरच गेलाय?