महामंदीने हिटलर आणला? अर्धसत्य!

पारावरचा :
१९२९ मध्ये न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, जर्मनी भिकेला लागला आणि हिटलर आला, असं शाळेपासून ऐकतोय. पटत नाही. मंदी अमेरिकेतही भीषण होती, तिथे रूझवेल्ट आले. जर्मनीचा घात केला चान्सलर ब्रूनिंग यांनी. मार्च १९३० मध्ये खुर्चीवर बसले आणि ऐन मंदीत खर्चाला कात्री! संसद अडली की राज्यघटनेतल्या आणीबाणीच्या कलम ४८ खाली राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्गची सही आणि वटहुकूम. डिसेंबर १९३१ मध्ये तर पगार थेट जानेवारी १९२७ च्या पातळीवर नेले. लोक त्यांना 'उपासमारीचा चान्सलर' म्हणत ते उगाच नाही. १९३२ च्या सुरुवातीला नुसते नोंदलेले बेकार साठ लाखांवर होते.

हिशेबनीस :
अहो, पण खर्चाला पैसे कुठून आणायचे तेही सांगा की! १९२४ च्या डॉज योजनेनंतरची (युद्धाच्या नुकसानभरपाईचे हप्ते सोपे करणारी योजना) सगळी चैन अमेरिकन उसनवारीवर, त्यातही बरीचशी अल्प मुदतीची. नोटा छापायच्या? नोव्हेंबर १९२३ मध्ये एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडत होते, त्याचे चटके लोक विसरले नव्हते. शिवाय नोटांमागे ४० टक्के सोनं-परकीय चलन ठेवायचं बंधन. मे १९३१ मध्ये व्हिएन्नाची क्रेडिटआन्स्टाल्ट बँक अडचणीत आली, १३ जुलैला बर्लिनच्या डानाट बँकेने दारं लावली. तिने नॉर्डवोले या लोकर कंपनीत पैसा ओतला होता आणि त्या कंपनीने तोटा दडवलेला! पुढचे दोन दिवस सरकारला देशभरातल्या बँका बंद ठेवाव्या लागल्या. अशा वेळी कोणीही कात्रीच काढली असती.

पारावरचा :
कोणीही? ब्रिटनने सप्टेंबर १९३१ मध्ये चलन सोन्याशी बांधून ठेवायचं लोढणं टाकून दिलं. ब्रूनिंगना आधी पहिल्या महायुद्धाची नुकसानभरपाई माफ करून घ्यायची होती. स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या परिषदेत जुलै १९३२ मध्ये ती जवळजवळ माफ झालीही, पण तोवर साहेब घरी बसले होते.

गोदाकाठ :
दोघंही बेकारांपाशीच अडलात. बेकार कामगार जास्त करून कम्युनिस्टांकडे गेला. नाझींची झोळी भरली ती प्रोटेस्टंट खेड्यांनी आणि छोट्या दुकानदारांनी. उत्तर जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्श्टाइनचे शेतकरी १९२८ च्या जानेवारीतच रस्त्यावर उतरले होते, वॉल स्ट्रीट तेव्हा तेजीत होता. तिथे जुलै १९३२ मध्ये नाझींना निम्म्याहून जास्त मतं पडली. कॅथलिक मतदार मात्र मंदीतही आपल्या झेंट्रुम पक्षाला फारसा सोडून गेला नाही. खिसा सगळ्यांचाच रिकामा होता.

हिशेबनीस :
शेतकऱ्यांचं मान्य. पण नाझींच्या १९२८ मध्ये १२ जागा, सप्टेंबर १९३० मध्ये १०७. मधे मंदीच आली ना?

पारावरचा :
आणि ब्रूनिंगनी मुदतीआधीच लावलेली निवडणूक! बरं, नोव्हेंबर १९३२ मध्ये नाझी २३० वरून १९६ वर घसरले होते. जानेवारीत त्यांना सत्ता दिली ती माजी चान्सलर पापेन आणि हिंडेनबर्ग यांच्या बंद दाराआडच्या खलबतांनी.

हिशेबनीस :
मग ब्रूनिंगना सोडा आणि पापेनच्या नावाने नवा धागा काढा.