थॅलिडोमाइड तालुक्याच्या दवाखान्यात मिळावं का?

त्वचाविकार_करवीर:
१९६१ साली गर्भातल्या व्यंगांमुळे बाजारातून काढलेलं हे औषध. १९६४ मध्ये जेरुसलेमच्या शेस्किन यांनी कुष्ठरुग्णांना झोपेसाठी दिलं, आणि कुष्ठरोगात प्रतिकारशक्ती खवळून येणाऱ्या रिअ‍ॅक्शनचा ताप, लालभडक दुखऱ्या गाठी दोन-तीन दिवसांत उतरल्या. १९९८ मध्ये अमेरिकेत त्यासाठीच मंजुरी मिळाली, २००६ मध्ये मायलोमा या रक्ताच्या कर्करोगासाठी. मग शाहूवाडी-राधानगरीच्या पेशंटने वर्षानुवर्षं प्रेडनिसोलोन या स्टेरॉइडवर का काढायची? साखर वाढते, मोतीबिंदू होतो, हाडं ठिसूळ होतात. तालुक्याला द्या.

फार्मसी_राजारामपुरी:
डॉक्टर, गुण येतो यात वादच नाही. पण ब्राझीलमध्ये १९६५ नंतरही व्यंग असलेली मुलं जन्मली, ती याच कुष्ठरोगाच्या गोळ्यांमुळे. गर्भ राहिल्यापासून साधारण २० ते ३६ दिवस सगळ्यात घातक. पाळी चुकल्याचं नीट ध्यानात येईपर्यंत इजा होऊन गेलेली असते. एक गोळीसुद्धा पुरते. आपल्याकडे 'मला गुण आला, तूही घे' म्हणून पट्टी शेजारी जाते. ते तालुक्याला कोण अडवणार?

त्वचाविकार_करवीर:
म्हणून सरसकट बंदी नको. पुरुष आणि पाळी गेलेल्या बायका, एवढ्यांपासून सुरुवात करा. रात्री १०० ते ३०० मिग्रॅ, आटोक्यात आलं की दर २ ते ४ आठवड्यांनी ५० मिग्रॅ कमी.

फार्मसी_राजारामपुरी:
पुरुष म्हणजे निर्धोक, हे चूक. औषध वीर्यात उतरतं. नसबंदी झाली असली तरी कंडोम हवाच, औषध थांबल्यावरही ४ आठवडे. तेवढे दिवस रक्तदानही नाही. गावच्या शिबिरात हे कुणी विचारतं का?

रक्तविकार_सीपीआर_रोड:
दोघांकडूनही मज्जातंतूंचा मुद्दा राहिला. थॅलिडोमाइडने हातपाय बधिर होतात, आणि कुष्ठरोगात ते आधीच बधिर असतात. सुरू करण्यापूर्वी मोनोफिलामेंटने (स्पर्श कळतो का ते बघायचा नायलॉनचा धागा) तपासून हातापायाच्या नकाशावर नोंद केली नाही, तर नवी इजा औषधाची की रोगाची, हे पुढे कुणालाच सांगता येत नाही. शिवाय रिअ‍ॅक्शनमध्ये मज्जातंतू सुजला किंवा डोळा लाल झाला, तर स्टेरॉइड टाळताच येत नाही. एकट्या थॅलिडोमाइडवर विसंबलात तर हात वाकडा होईल. मायलोमात डेक्सामेथासोन या स्टेरॉइडबरोबर देताना पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो, म्हणून अ‍ॅस्पिरिन किंवा हेपॅरिन अशी गुठळी रोखणारी औषधं जोडतात. कुष्ठरोगातही स्टेरॉइड सोबत असेल, तर पोटरीची सूज दर भेटीला बघा.
माझं मत फार्मसीवाल्यांकडे झुकतं: सुरुवात जिल्ह्याला, तपासणी तालुक्याला, आणि एका वेळी २८ दिवसांपेक्षा जास्त गोळ्या हातात नाहीत.

त्वचाविकार_करवीर:
२८ दिवस मान्य. पण दरमहा कोल्हापूरची एसटी परवडत नाही, तो पेशंट मध्येच औषध सोडतो आणि गाठी परत येतात. पुढच्या गोळ्या तालुक्यालाच द्या, उरलेली पट्टी मोजून घेऊन.