मदत हवी आहे: सोसायटीचा कचरा गाडी यायच्या आत उरकत नाही

मीनल_के
कोणीतरी प्लीज ठोस सांगा. आमच्याकडे बहुतेक घरं ओला-सुका वेगळा करतात, पण खाली येईपर्यंत सगळं एक झालेलं असतं. मग कचरा घेणाऱ्या ताई बसून हाताने परत वेगळं करतात, त्यात डायपर, फुटक्या काचा काय वाट्टेल ते निघतं, तोवर गाडी निघून जाते आणि उरलेलं पार्किंगमध्ये कुजत पडतं. लवकर कसं उरकेल? रविवारी जनरल बॉडी आहे, त्याआधी उत्तर हवंय.

टेकडीवाला
शहर कुठलं? फ्लॅट किती? ताई कोणाच्या, सोसायटीच्या की बाहेरच्या?

मीनल_के
पुणे, सिंहगड रोड. ९६ फ्लॅट, दोन बिल्डिंगी. ताई 'स्वच्छ'च्या (कचरावेचकांची सहकारी संस्था) आहेत आणि त्यांचं काम चोख आहे, तक्रार त्यांच्याबद्दल नाहीच.

गांडूळमित्र
ओला कचरा गेटबाहेर जाऊच देऊ नका! आम्ही मागच्या बाजूला खताचे पिट बांधलेत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि कल्चर (कचरा कुजवणारे जिवाणू) टाकतो, दीड-दोन महिन्यांत मस्त खत. मिळकतकरात सवलत मिळते ती वेगळीच, वॉर्ड ऑफिसात चौकशी करा.

सदाशिव४११
खताला रोज बघणारा माणूस लागतो. आमच्याकडे मशीन आणलं, ते बंद पडलं, विकणारा आता फोन उचलत नाही. आणि मिक्स कचऱ्याचं खत होत नाही, त्यांचा प्रश्न त्याच्या आधीचा आहे.

गांडूळमित्र
मी मशीन म्हटलंच नाही, पिट म्हटलं. नीट वाचा.

राजवाडा
इंदूर बघा. गाडीतच वेगळे कप्पे, २०२२ पासून ओल्या कचऱ्यापासून गॅस बनवणारा रोज ५५० टन क्षमतेचा बायो-सीएनजी प्रकल्प. आपल्याकडे इच्छाशक्तीच नाही.

टेकडीवाला
तो प्रकल्प चालतो कारण कचरा घरातूनच वेगळा येतो. ९६ फ्लॅटवाल्यांनी त्यातून नेमकं काय उचलायचं ते सांगा ना.

राईनकाठी
इथे जर्मनीत एकदाच वापरायच्या प्लास्टिक बाटलीवर २५ सेंट डिपॉझिट असतं, सुपरमार्केटच्या मशीनमध्ये टाकली की पैसे परत, त्यामुळे बाटल्या कचऱ्यात येतच नाहीत. तिकडे सुरू करायला हवं.

शुभदा_ताम्हण
राईनकाठी, इथे बाटल्या आणि पुठ्ठा विकून येणारे पैसे वेचक ताईंचे असतात. पुठ्ठ्याला आमटी लागली की भंगारवाला भाव पाडतो, म्हणजे मिक्स कचऱ्यात त्यांचा वेळही जातो आणि पैसेही.
मीनल, घरात वेगळं आणि खाली एकत्र, मग मधे काय होतं? मजल्यावरून कचरा खाली आणतं कोण?

मीनल_के
कोणी नाही, च्यूट आहे ना. मजल्यावर झाकण आहे, त्यातून टाकतात. बिल्डरनेच दिलीय.

शुभदा_ताम्हण
अहो हेच तर कारण आहे! एकाच नळीतून पडल्यावर वेगळं कसं राहणार, पिशव्याही आपटून फुटत असणार. आमच्या सोसायटीने च्यूटची झाकणं वेल्डिंग करून बंद केली. आता ताई लिफ्टने वरच्या मजल्यापासून खाली येत दारातूनच घेतात. ओला पिशवीत नाही, थेट बादलीत, कारण एकेक पिशवी फोडण्यातच निम्मा वेळ जातो. ओला रोज गाडीला, सुका एका दिवसाआड घेतला तरी चालतो, तो कुजत नाही. पॅड आणि डायपर कागदात गुंडाळून वर लाल ठिपका, म्हणजे कोणाला उघडून बघावं लागत नाही. वेळा मात्र ताईंना विचारून ठरवा, त्यांच्याकडे आणखी इमारती असतात.

प्रश्नकर्ता७
धागा निघालाच आहे तर, जुनी कापसाची गादी कोण घेतं?

सदाशिव४११
च्यूट बंद केली तर ज्येष्ठ नागरिक कचरा कुठे नेणार? आमच्याकडे यावरून मोठं भांडण झालं होतं.

शुभदा_ताम्हण
त्यांना कुठे न्यायचाच नाही, ताई दारात येतात. उलट सगळ्यात आधी आजी-आजोबाच तयार झाले.

गांडूळमित्र
बादलीला वास येत असेल तर तळाला वर्तमानपत्र घाला, वर मूठभर कोकोपीट. पिटचा विचार कराच.

मीनल_के
च्यूटचा विचारच केला नव्हता आम्ही. बंद करायला ठराव लागेल की सेक्रेटरींनी नोटीस लावली तरी पुरे? आणि दारोदार फिरायचं म्हणजे ताईंचा वेळ वाढणार नाही का?

शुभदा_ताम्हण
ठराव घ्याच, नाहीतर कोणीतरी परत उघडायला लावेल. फिरण्यात वेळ जातो, पण खाली बसून निवडायचा त्याहून जास्त वाचतो. आधी एकाच बिल्डिंगीत महिनाभर करून बघा, आणि मीटिंगला ताईंनाही बोलवा.