ब्रॅडफर्डचं दगडी जोडघर: ओल खरी की सर्व्हेअरचा धंदा?

बाळीवेसचे काका
मुलगा-सून इंग्लंडात, यॉर्कशायरमधल्या ब्रॅडफर्डला घर घेतायत. व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं, १८८० च्या आसपासचं दगडी जोडघर. दोन घरं, मधली भिंत एक. हे आपल्याला नवीन नाही. आमच्या आणि चुलतभावाच्या घराची मधली भिंत कुणाची, हा वाद आजोबांच्या वेळचा आहे, आणि मिटावा असं दोघांनाही वाटत नाही.

विकत घेण्याआधी घर तपासणाऱ्या सर्व्हेअरनं लिहिलंय, पुढच्या खोलीच्या बाहेरच्या भिंतीला खालून ओल चढतेय, भोकं पाडून केमिकल भरा आणि सिमेंटचा गिलावा करा. मी बांधकाम खात्यात ओव्हरसियर होतो, पण हात बसलेला आपल्या काळ्या दगडावर. तो पाणी पीत नाही. तिकडचा पिवळसर वालुकाश्म, वर गिरण्यांच्या काजळीनं काळा झालेला. तो कसा वागतो? शिवाय सूनबाईंना शेकोटीचं धुराडं पाडून खोली मोठी करायचीय. ते मधल्या भिंतीतच आहे.

हडर्सफील्डकर
काका, केमिकलवर सध्या एक पौंडही घालवू देऊ नका. आधी बाहेरून तीन गोष्टी बघायला सांगा. पन्हळ गळतेय का? अंगणातली माती किंवा फरशी जोत्याच्या वर आलीय का? आणि दर्जा, म्हणजे दगडांमधल्या फटी, कशानं भरल्यात? या घरांची भिंत दोन पदरी असते. बाहेर घडीव दगड, आत ओबडधोबड, मध्ये चुना आणि बारीक दगडांची भर. पावसाचं पाणी दगडात थोडं शिरतं आणि चुन्याच्या दर्जांतून उडून जातं. कुणीतरी मागे सिमेंटनं दर्जा भरल्या असतील तर पाण्याची वाट बंद होते, मग ते दगडातूनच बाहेर पडतं. थंडीत गोठलं की दगडाच्या खपल्या निघतात. दर्जा तशाच टणक उभ्या आणि दगड आत गेलेला दिसला, तर समजून घ्या.

लाकडी जमिनीखाली हवा खेळायला बाहेरच्या भिंतीत जाळीच्या विटा असतात. बऱ्याच ठिकाणी त्या मातीनं बुजलेल्या असतात, त्याही बघा.

चुन्याची घाणी
हडर्सफील्डकरांशी सहमत. फक्त दर्जा खरवडताना ग्राइंडर लावू देऊ नका, दगडाच्या कडा जातात. छिन्नी-हातोडीनं काढायचं आणि चुन्यानं भरायचं. आणि काका, आपल्याकडेही सिमेंटच्या दर्जांनी नुकसान होतंच की ओ. बेसॉल्टला, म्हणजे आपल्या काळ्या दगडाला, काही होत नाही, पण आतल्या चुन्याच्या भिंतीला लोणा लागतो, पोपडे सुटतात. सोलापुरात पाऊस कमी म्हणून खपून जातं. यॉर्कशायरच्या पावसात नाही खपणार.

गिरणगाव_नात
विषयाला सोडून विचारते, पण ही जोडघरं बांधलीच का? एकेकटी का नाहीत?

हडर्सफील्डकर
पैसा आणि थाट, दोन्ही. मधली भिंत आणि धुराडी सामाईक म्हणून खर्च कमी, आणि रस्त्यावरून बघितलं की एकच मोठी हवेली वाटते. लंडनमध्ये बागा आणि घरांवर लिहिणाऱ्या लाउडननं १८२० च्या दशकात बेजवॉटरला असंच एक जोडघर बांधलं होतं, दोन घरं मिळून एक दिसावं म्हणून. गिरणी कामगार बहुतेक रांगेतल्या घरांत राहायचे. जोडघर परवडायचं ते जरा वरच्या पगारदाराला. पुढे मोठ्या काचांच्या बे विंडो, म्हणजे भिंतीच्या पुढे आलेल्या खिडक्या, आल्या, कारण काचेवरचा कर १८४५ मध्ये आणि खिडक्यांवरचा १८५१ मध्ये गेला.

आता धुराडं. इंग्लंडमध्ये १९९६ चा सामाईक भिंतीचा कायदा आहे. त्या भिंतीला हात लावण्याआधी शेजाऱ्याला दोन महिन्यांची लेखी नोटीस द्यावी लागते. आणि खालची शेकोटी पाडली तरी वरचं दगडी धुराडं राहतंच, त्याला स्टीलचा आधार द्यावा लागतो. आधीच्या मालकानं माडीवरची शेकोटी आधीच पाडलीय का, ते तपासा. पोटमाळ्यात चढून बघितल्याशिवाय कळत नाही.

बाळीवेसचे काका
मुलाला शनिवारी बॅटरी घेऊन पोटमाळ्यावर चढवतो. दर्जांचा फोटो आला: सिमेंटच आहे, खिडकीखाली तर दगड बोटभर आत गेलाय. अजून एक. मूळचं छप्पर वेल्श स्लेटचं, म्हणजे वेल्सच्या पातळ दगडी पाट्यांचं, होतं म्हणे, पण आता वर काँक्रीटची कौलं दिसतात. लाकडाला तो भार झेपतो का?

हडर्सफील्डकर
स्लेटपेक्षा ती बरीच जड. वासे वाकलेत का, आणि छपराच्या रेट्यानं भिंतीचा माथा बाहेर कलतोय का, ते आधी बघा. तसं दिसलं तर भाव करताना ते धरा.