चर्चा: प्राणीप्लवकांसाठी 200 मायक्रॉनचं जाळं आता अडगळीत टाकावं का?

नॉपलियस (धागाकर्ता):
प्राणीप्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म प्राणी, धरायला युनेस्कोच्या 1968च्या पुस्तिकेनं डब्ल्यूपी-2 जाळं रूढ केलं: तोंड पाव चौरस मीटर, छिद्र 200 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). खाडी आणि समुद्रात आजही बरेच जण तेच टाकतात. माझं म्हणणं, थांबवा. प्राणी अडकतो की निसटतो हे लांबीवर नाही, रुंदीवर ठरतं. ओइथोना ही कोपेपॉड (कोळंबीचे सूक्ष्म नातेवाईक) गटातली जात पाऊण मिलिमीटर लांब असली तरी अंगानं बारीक, डोक्याकडून सरळ आरपार जाते. चौकोनी छिद्राचा कर्ण 283 मायक्रॉन, हेही विसरू नका. कोपेपॉडांची नॉपलियस पिल्लं तर बहुतेक सगळीच जातात. मग अहवालात लिहायचं, 'लहान प्राणी तुरळक'. तुरळक कसले, तुम्ही धरलेच नाहीत! सगळीकडे 64 मायक्रॉन वापरा.

गाळणी:
साफ असहमत. बारीक कापड तुंबतं, आणि तुंबलेलं जाळं पाणी गाळत नाही, पुढे ढकलतं.

हिशोब करा. शंकूच्या जाळ्यात कापडाचं क्षेत्रफळ तोंडाच्या किती पट? तिरकी लांबी भागिले त्रिज्या. तोंडाचा व्यास 50 सेंमी, तिरकी लांबी 3 मीटर असेल तर 12 पट. 200च्या कापडात मोकळी जागा साधारण 47 टक्के, म्हणजे मोकळ्या जागेचं तोंडाशी गुणोत्तर 5.6. 64च्या कापडात ती 33 टक्क्यांच्या आसपास, म्हणजे 4. हिरव्या पाण्यात हे टिकत नाही. 20 मीटरच्या उभ्या ओढीत कागदावर 3.9 घनमीटर पाणी गाळलं जातं. जाळ्यानं 60 टक्केच गाळलं तर प्रत्यक्षात 2.4. तुम्ही 3.9नं भागलंत की घनता 40 टक्के कमी दिसणार. वर तोंडापुढे दाबाची लाट तयार होते, तिची चाहूल लागून मोठे कॅलॅनॉइड कोपेपॉड आणि माशांची पिल्लं बाजूला होतात ते वेगळंच.

नॉपलियस:
हा दोष फ्लोमीटर (जाळ्यातून गेलेलं पाणी मोजणारा पंखा) न लावण्याचा आहे, कापडाचा नाही. जाळं लांब शिवा, ओढ आखूड ठेवा.

ओहोटी:
फ्लोमीटर लावतात हो, पण कसा? तोंडाच्या बरोबर मध्यभागी नको. मध्य आणि तोंडाची गोल कडी यांच्या निम्म्यावर बांधा. उभ्या ओढीत खाली जातानाही पंखा फिरतो, म्हणून उलट फिरणं अडवणारा खटका हवाच. आणि कंपनीनं दिलेला आकडा डोळे झाकून घेऊ नका. जाळं काढा, नुसती कडी 20 मीटर ओढा, चार-पाच वेळा, आणि मीटरमागे किती फेरे पडतात ते स्वतः काढा. जाळ्यासह आलेले फेरे भागिले रिकाम्या कडीचे फेरे, ही तुमची गाळणक्षमता.

पण खाडीत छिद्राच्या आधी वेळेचा प्रश्न येतो. रोज सकाळी 9ला नमुना घेतलात तर भरती रोज सुमारे 50 मिनिटं पुढे सरकते, म्हणजे आठवड्याभरात तुम्ही वेगळंच पाणी मोजताय. स्यूडोडायॅप्टोमस या खाडीतल्या कोपेपॉडाचे प्रौढ दिवसा तळाशी बसतात, ते ना 64च्या जाळ्यात येतात ना 200च्या. खाडीतला पालापाचोळा आणि गाळ 64चं कापड बघता बघता लिंपून टाकतो. माझं मत खाडीसाठी 100 ते 120, आखूड ओढ.

तळ्याकाठी:
तळ्यात 64सुद्धा जाडच आहे, राव. केराटेलासारखे छोटे रोटिफर (कोपेपॉडांहून लहान सूक्ष्म प्राणी) त्यातूनही निसटतात. रोटिफरांना जाळं नकोच: ठरलेल्या खोलीवरून मोजून पाणी घ्या आणि 20-30 मायक्रॉनमधून गाळा. शिंडलर-पटालास सापळ्यात (ठरावीक पाणी कोंडून घेणारी पेटी) पाण्याचं माप पक्कं असतं, फ्लोमीटरची कटकट नाही. डॅफ्नियासाठी (पाणपिसू) मात्र 200 पुरेसं आहे असं समजू नका, पिल्लं जातात.

एक अवांतर: डॅफ्निया थेट फॉर्मलिनमध्ये (नमुना टिकवायचं द्रावण) टाकली की कवच फुगतं आणि अंडी सांडतात. लिटरला 40 ग्रॅम साखर घातलेलं फॉर्मलिन वापरा. रोटिफर आधी सोडावॉटरनं गुंगवा, नाहीतर आक्रसून ओळख पटत नाही. डीएनए करायचा असेल तर फॉर्मलिन नको, इथेनॉल.

गाळणी:
हे पटलं. पण समुद्रातल्या जुन्या मालिकांचं काय? कंटिन्युअस प्लँक्टन रेकॉर्डर (जहाजामागे ओढून प्लवक गोळा करणारं यंत्र) 1931पासून 270 मायक्रॉनच्या रेशमावर चालतो. लहान प्राणी त्यातून निसटतात हे सगळ्यांना माहीत आहे, तरी कापड बदललं नाही, कारण वर्षांची तुलना त्यावर उभी आहे. तुम्ही एका दिवसात 64वर गेलात तर पुढच्या वर्षी 'लहान कोपेपॉड वाढले' अशी बातमी छापून येईल.

नॉपलियस:
मग 64चा नमुना प्रयोगशाळेत 200च्या चाळणीतून ओता. वर राहिला तो जुना आकडा, खाली गेला तो नवा. मालिका तुटली कुठे?

गाळणी:
तुटली. चाळणीवर तुम्ही अलगद पाणी ओतता. ओढीत जाळ्यातून पाणी जोरानं जातं आणि मऊ प्राणी दाबून बाहेर काढतं. शिवाय 64च्या लाटेनं पळालेला मोठा प्राणी चाळणीवर कुठून येणार? बदलायचंच असेल तर निदान वर्षभर, प्रत्येक ऋतूत, एकाच जागी दोन्ही जाळी आलटून पालटून टाका, किमान पाच जोड्या. प्रत्येक जातीसाठी रूपांतराचा गुणक वेगळा काढा. आणि मोजताना महत्त्वाच्या जातीचे किमान 100 नग तरी मोजा. शंभरावर नुसती मोजणीची चूकच सुमारे 20 टक्के इकडे-तिकडे असते, त्याहून कमी मोजलेत तर दोन जाळ्यांतला फरक त्या चुकीतच बुडेल.