गेटसमोर नवीन फुटपाथ झालाय, गाडी चढवायला आपणच रॅम्प टाकला तर चालतं का?

कोपऱ्यावरची_सोसायटी
नमस्कार मंडळी. आमची जुनी छोटी सोसायटी आहे. महापालिकेने समोरचा रस्ता काँक्रीटचा केला, फुटपाथही नवा बांधला, काम तसं बरंय पण आमच्या गेटसमोर कर्बचे, म्हणजे फुटपाथच्या कडेचे, दगड सलग लावून टाकलेत, गाडीला उतारच ठेवला नाही. टेप लावून बघितलं तर रस्त्यापासून नऊ इंच भरतंय. सध्या फळी आणि फरशीचे तुकडे टाकून गाड्या आत घेतोय, वॉचमन ते रोज उचलून ठेवतो आणि रोज शिव्या देतो. सेक्रेटरी म्हणतात अर्जबिर्ज कशाला, आपला गवंडी आहे, रविवारी रस्त्यावर तीन फूट माल ओतू, शेजारच्यांनी तेच केलंय. दुसरी पार्टी म्हणते गेटच्या रुंदीएवढा फुटपाथच फोडा आणि रस्त्याच्या लेव्हलला आणा. नियम नक्की काय आहे?

साइटवरचा_माणूस
दोन्ही करू नका. रस्त्यांचीच कामं करतो म्हणून सांगतो.

रस्त्याचा ढाळ मधून कडेला असतो, म्हणजे सगळं पाणी कर्बला चिकटून वाहत जाळीच्या चेंबरपर्यंत जातं. तिथे तुम्ही माल ओतला की झाला बांध. लोक शहाणपणा करून खालून पाईप टाकतात, तो पहिल्या पावसातच पाला आणि प्लास्टिकच्या पिशव्यांनी तुंबतो आणि मग पाणी तुमच्याच गेटमधून आत. वर रात्री एखादा बाईकवाला त्यावर आपटला तर निस्तरा. कायद्याने पण रस्ता तुमचा नाही. मुंबई सोडून इतर पालिकांना लागू असलेल्या महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम २२९ प्रमाणे रस्त्यात अडथळा होईल असं बांधकाम चालत नाही आणि २३१ खाली आयुक्त ते नोटीस न देता काढू शकतात. शेजारच्यांचं अजून काढलं नाही म्हणजे ते परवानगीचं आहे असं नाही.

आता फुटपाथ फोडायचं. इंडियन रोड्स काँग्रेस ही रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिचं आयआरसी १०३ म्हणून पादचाऱ्यांसाठीचं मानक आहे. त्यात फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि कर्बची उंची जास्तीत जास्त १५० मिमी, म्हणजे सहा इंच. तुमचे नऊ इंच इथेच बसत नाहीत, हा मुद्दा अर्जात पहिला घाला. आणि गेटसमोर फुटपाथ त्याच लेव्हलला सलग चालू राहिला पाहिजे. गाडीने चढायचं, चालणाऱ्याने उतरायचं नाही. उतार द्यायचा तो फक्त रस्त्याकडच्या कडेच्या दोन-तीन फुटांत, जिथे झाडं, विजेचे खांब असतात त्या पट्ट्यात. उरलेली लेव्हल गेटच्या आत, तुमच्या हद्दीत जुळवायची.

कोपऱ्यावरची_सोसायटी
पण एवढ्या कमी लांबीत सेडान खालून घासणार नाही का?

साइटवरचा_माणूस
नऊ इंचाला घासेल, सहाला सहसा नाही, सावकाश तिरकी घ्या. म्हणून तर आधी उंची कमी करून मागा.

रोज_चालणारी
माझी आई व्हीलचेअरवर असते. आमच्या रस्त्यावर प्रत्येक गेटला फुटपाथ खाली जातो परत वर येतो, दर पन्नास पावलांना तेच, शेवटी मी खुर्ची सरळ रस्त्यावर घेते आणि मागून बस हॉर्न मारत असते. व्हीलचेअरला १:१२ चा उतार लागतो, म्हणजे सहा इंच उतरायला सहा फूट आणि परत चढायला सहा फूट, कोणती सोसायटी देते एवढं? सगळे एका फुटात संपवतात. आणि सुप्रीम कोर्टाने मे २०२५ मध्ये चालण्याजोगा फुटपाथ हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात धरलाय. त्यामुळे "आमचं गेट" हे जरा जपून बोला ☺️

बे_एरियातला_नागपूरकर
गंमत म्हणून सांगतो, इथे कॅलिफोर्नियात घरासमोरचा साइडवॉक सार्वजनिकच असतो पण तो दुरुस्त ठेवायची जबाबदारी राज्याच्या कायद्याने लगतच्या घरमालकावर टाकलीय. ड्राइव्हवेसाठी कर्ब कापायचा तर आधी सिटीचं परमिट. शेजाऱ्याकडे काम निघालं तेव्हा इन्स्पेक्टर काँक्रीट ओतायच्या आधी फळ्यांचा साचा बघायला आला आणि लेव्हल लावून चालायच्या पट्टीचा आडवा उतार तपासला, तो जास्तीत जास्त दोन टक्क्यांच्या आसपास चालतो, नाहीतर व्हीलचेअर रस्त्याकडे ओढली जाते. खर्च अर्थातच शेजाऱ्याचा, तोंड बघण्यासारखं झालेलं.

कोपऱ्यावरची_सोसायटी
धन्यवाद सगळ्यांना. मग अर्ज कुठे द्यायचा, वॉर्ड ऑफिसला?

साइटवरचा_माणूस
हो, क्षेत्रीय कार्यालयात, तुमच्या भागाचं रस्त्याचं काम बघणारा ज्युनियर इंजिनिअर कोण ते विचारा आणि एक प्रत मुख्य पथ विभागात, दोन्हीवर पोचचा शिक्का घ्या. सोबत मंजूर नकाशाची झेरॉक्स जोडा, त्यात गेट दाखवलेलं असतं, म्हणजे "गेट नंतर भिंत फोडून केलंय" हा फाटा फुटत नाही. कर्बला टेप लावलेला फोटो टाका, आकडा वाचता आला पाहिजे, आणि जवळची चेंबरची जाळी पण त्यात येऊ द्या. काम नुकतंच झालंय ना, मग ठेकेदाराचा दोष-दायित्व कालावधी, म्हणजे कामातले दोष त्यानेच स्वखर्चाने दुरुस्त करायची मुदत, चालू असणार, त्याच्याकडूनच दुरुस्त करून मागा, सोसायटीचा पैसा घालू नका. आणि अर्ज मंजूर होईपर्यंत त्या गवंड्याला दुसरं काहीतरी काम द्या, टाकीचं वॉटरप्रूफिंग वगैरे.